सवतीचं पाणगवत

सदर बझार, सातारा
१८ नोव्हेंबर १९७५

राहीबाई यांस,

नावापुढं काय लावायचं ते कळेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. राग मानू नये. मानलात तरी चालेल. मी चंद्रा. तुम्ही ज्या घरातून गेलात, त्या घरात मी गेल्या वर्षीच्या वैशाखात आले. म्हणजे ह्यांची दुसरी बायको. तुमच्या भावाचा सांगलीचा पत्ता शेजारच्या सुलाबाईंनी दिला. उत्तर लिहिलंत तर त्यांच्याच पत्त्यावर लिहा. आमच्याकडं पोस्टमन आला की आधी आत्याबाई दारात जातात. तुमच्याही सासूच त्या, तुम्हाला जास्त काय सांगायचं.

काम एवढंच आहे की तुमच्या काचेच्या पेटीतली झाडं मरायला लागली आहेत. मागच्या बाजूचं लांब पातीचं पाणगवत पिवळं पडलंय. पुढचं ते पीळ दिलेल्या पानांचं बुटकं झाड, त्याची पानं तर हात लावला की विरघळून बोटाला चिकटतात, शिळ्या भाजीसारखी. पाण्याला वास येतो. मी रोज नळाचं ताजं पाणी भरते. सगळंच्या सगळं बदलते. वाळूसुद्धा घासून काढते. पेटी अंधारात होती म्हणून उन्हाच्या खिडकीत आणून ठेवली. माशांना मूठभर भात घालते. याहून जास्त कुणी काय करायचं?

मला त्या झाडांचं काही पडलेलं नाही. पण मासे मेले तर पाप माझ्या माथी, म्हणून विचारते.

हे कारखान्यातून आले की चहाचा कप घेऊन पेटीपुढं बसतात. बोलत नाहीत. गळालेलं पान दिसलं की कप खाली ठेवतात. मग तो चहा तसाच निवतो. काय करायचं ते थोडक्यात कळवा.

चंद्रा

सातारा
९ डिसेंबर १९७५

राहीबाई यांस,

कार्ड मिळालं. खुशाली नाही, नमस्कार नाही, एकदम पाणी आणि वाळू. मी थोडक्यात कळवा म्हणाले होते खरी, पण इतकं थोडक्यात?

तुम्ही लिहिलंत, "रोज पाणी बदलून तुम्हीच त्यांना मारताय. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा बदला. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग घाला, त्यात औषध असतं." हे मला कोण सांगणार होतं? घरात सांगणारं कुणी नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तेवढं तिला म्हाईत होतं." तिला. म्हणजे तुम्हाला.

मग मी कार्डात लिहिलं तसं सगळं केलं. पेटी उन्हातून काढून उत्तरेच्या खिडकीशी नेली. भात बंद केला. सडकी पानं कात्रीनं कापली. पातीच्या गवताची मी खोल पुरलेली मान वाळूवर काढली. बुटक्याची पानं सगळी गेली होती, पण तुम्ही लिहिलं होतं, जागा बदलली की ते असंच करतं, मूळ पांढरं आणि घट्ट असेल तर उपटू नका. बघितलं, घट्ट होतं. ठेवलं. आत्याबाई म्हणाल्या, "मेलेल्याला पानी घालतीया बघा." मी घालतच राहिले.

काल त्यातून कोंब निघाला. आधी मी पाहिला. मी काही बोलले नाही, म्हटलं बघू हे काय करतात. संध्याकाळी ह्यांनी काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "जगलं गड्या." कुणाला म्हणाले कोण जाणे. मला गड्या म्हणत नाहीत.

सुलाबाई सांगतात, त्या पेटीची लोखंडी चौकट ह्यांनी तुमच्यासाठी कारखान्यात स्वतः जोडली, काचांच्या फटींत खडू-तेलाची लांबी स्वतः भरली, आणि लांबी वाळेपर्यंत पाणी घालू दिलं नाही म्हणून तुम्ही रुसला होतात. खरं का? मला आजवर साधं शिंकाळं करून दिलेलं नाही. हे आपलं सहज लिहिलं.

कार्डाच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, "त्यांना म्हणावं, चष्मा लावून बघा." त्यांच्या चष्म्याचं मी बघून घेईन.

चंद्रा

सातारा
२ फेब्रुवारी १९७६

राहीबाई यांस,

मी विचारलं होतं की हीच झाडं का निवडलीत. त्यावर या वेळी तुम्ही पाकीट पाठवलंत, दोन पानं भरून. झाडांचं नाव काढलं की तुम्हाला बोलायला येतं असं दिसतं.

तुमचं म्हणणं पटलं. पेटी दीड फुटाची, त्यात रुंद पानांचं झाड घातलं तर माशांना फिरायला जागा राहणार नाही आणि खालच्याला उजेड मिळणार नाही. म्हणून मागं उंच आणि बारीक, पुढं बुटकं, मध्ये मोकळं. दोनच जाती, पण एकमेकींच्या उजेडात न येणाऱ्या. मुळाखाली लाल मातीचा सुपारीएवढा गोळा. सगळं पटलं.

पण पुढं लिहिलंत की दोन्ही झाडं माहुलीच्या संगमावरून आणली. "रविवारी सायकलवर जायचो. ते पँट दुमडून पाण्यात उतरायचे, मी काठावरून दाखवायचे, हे नको, ते घ्या." हे लिहायची काही गरज होती का? नुसतं माहुली लिहिलं असतं तरी मला कळलं असतं.

गेल्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, "माहुलीला जाऊ या का?" म्हणाले, "कशाला? तिथं काय हाय?" आणि चादर ओढून झोपले. सायकल भिंतीला टेकलेली होती. मी तिची घंटा वाजवून पाहिली. आतून म्हणाले, "कोन हाय?" मी म्हटलं, "कुनी न्हाई."

तुम्ही त्या झाडांचं कौतुक केलंत तेव्हापासून मला ती बघवत नाहीत. छान वाढली आहेत. पातीच्या गवताला वाळूतून नवी पिल्लं फुटली आहेत. सकाळी उजेड आला की पानांवर बारीक बारीक बुडबुडे धरतात. हे ते बुडबुडे बघत बसतात, आणि मी ह्यांना बघत बसते.

चंद्रा

सातारा
२८ मार्च १९७६

राहीबाई,

तुमची झाडं मी उपटून टाकली. सांगून टाकते. सगळी, मुळासकट. घमेल्यात घालून उकिरड्यावर नेली.

मी माहेरी गेले होते, कोरेगावजवळ. आमच्या ओढ्यात झुपकेदार पाणवनस्पती पुष्कळ आहे. शेपूच्या जुडीसारखी दिसते. ती मी स्वतः पाण्यात उतरून काढली. कुणी काठावर उभं राहून दाखवायला नव्हतं. डब्यात घालून, मांडीवर धरून एसटीनं आणली. म्हटलं, आता ह्या घरात माझं काहीतरी हिरवं दिसू दे.

तुम्ही लिहिलं होतं की बाहेरचं झाड आणलं तर आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवावं. वाचलं होतं मी. मुद्दाम केलं नाही. सगळंच तुमच्या सांगण्यावरून करायचं का?

त्यातून चतुराची अळी आली. मला काय माहीत ती काय असते. काडीसारखी पडून राहायची. आणि एकेक करून मासे नाहीसे झाले. हिवतापवाल्यांनी विहिरीत सोडायला दिलेले ते गप्पी, तुमच्या वेळेपासूनचे, त्यांची पोरंबाळं. पाणी हिरवं झालं, मग काळपट. माझं झुपकेदार गवत गळून तळाशी बसलं.

हे रागावले असते तर बरं झालं असतं. मी भांडायची तयारी करून ठेवली होती. त्यांनी बादल्या भरून पेटी रिकामी केली, वाळू धुतली, परत घातली, स्वच्छ पाणी भरलं. आणि संध्याकाळी चहा घेऊन त्या रिकाम्या पाण्यापुढं बसले.

आत्याबाई खूश आहेत. म्हणाल्या, "गेली एकदाची तिची अवदसा. आता तरी पाळना हालंल." मग माझ्या पोटाकडं बघितलं. दोन वर्षं होत आली, राहीबाई. त्या आता दर महिन्याला विचारतात. तुम्हालाही असंच विचारायच्या का? सुलाबाई सांगतात की तुम्हाला मूल झालं नाही म्हणूनच घालवलं. आम्हाला लग्नात सांगितलं होतं की तुम्ही भांडखोर होतात.

रागावून उत्तर लिहिलंत तरी लिहा.

चंद्रा

सातारा
२२ एप्रिल १९७६

राहीबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. म्हणून मी तुम्हाला बघून आले. तुम्हाला कळलं नाही.

घरी माहेरचं नाव सांगितलं आणि सांगलीची गाडी धरली. तुमच्या भावाच्या दारात गेले. तुमच्या भावजय भांडी घासत होत्या. म्हटलं, "राहीबाई हायती का?" त्या म्हणाल्या, "राही व्हय? ती हरिपुरास असती की, हळदीच्या पेवांवरच्या केरबाकडं. लगीन होऊन दोन वर्सं व्हायला आली. आवं, तुमी कोन?" मी म्हटलं, "साताऱ्याची शेजारीण."

लगीन. एवढी कार्डं, एवढं पाकीट, पाणी, वाळू, तुरटी, सगळं लिहिलंत आणि हे लिहिलं नाहीत. मी उगाच रात्रंदिवस जळत होते. तुम्ही तिकडं वाट बघत बसला आहात, कधीतरी परत याल, असंच मला वाटायचं.

टांग्यानं हरिपूरला गेले. हळद साठवायच्या पेवांकडं काम करणारे केरबा कुठं राहतात म्हणून विचारलं, तर लोकांनी लगेच दाखवलं. चिंचेच्या झाडाआड उभी राहिले. दारात तुमचा सिमेंटचा छोटा हौद होता, त्यात तेच पातीचं गवत. मी टाकून दिलं तेच. तुम्ही बाहेर आलात. तुम्ही सुंदर असाल असं मी धरून चालले होते. नाही आहात. दात पुढं आहेत. मला बरं वाटलं.

मग तुम्ही आत हाक मारलीत आणि तुमच्या मालकांनी लेकरू आणून तुमच्या कडेवर दिलं. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे, लेकराच्या अंगड्याला हळद लागली, तुम्ही त्यांना ओरडलात आणि हसलात. लेकराचं नाक तुमचं आहे. दुरूनसुद्धा दिसत होतं.

तुम्ही हौदात त्याचा हात बुडवलात. मला तिथं उभं राहवेना.

परत येताना गाडीत एकच डोक्यात घोळत होतं. ह्या बाईला मूल होत नव्हतं म्हणून घालवली. मग हे कुणाचं? हिचंच. मग आमच्या घरात आठ वर्षं का झालं नाही? आणि मला का होत नाही?

कराड आलं तेव्हा उत्तर सापडलं होतं. तुम्हाला ते आधीच सापडलं असणार. मग मला का लिहिलं नाहीत? झाडाची मान किती पुरायची ते लिहिलंत. हे का नाही?

चंद्रा

सातारा
१६ मे १९७६

राहीताई,

पत्र मिळालं. कंडक्टरच्या हाती पाठवलेला डबाही मिळाला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली झाडं टवटवीत होती. तुम्ही आधीच धुतली आहेत असं लिहिलं होतं, तरी मी परत तुरटीच्या पाण्यातून काढली. मागं उंच, पुढं बुटकं लावलं.

तुम्ही लिहिलंत, "मलासुद्धा दिवस गेले तेव्हाच कळलं. तोवर मीही स्वतःलाच वांझ समजत होते. केरबांच्या पहिल्या बायकोचं एक मूल होतं, ते तिच्याबरोबरच वारलं. मला होणार नाही असं सांगूनच मी त्यांच्याशी लग्न केलं. तुम्हाला कोणत्या तोंडानं लिहायचं? लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जळते म्हणून लिहिते."

म्हणालेच असते.

आता माझं ऐका. मी ह्यांना विचारलं. रविवारी ते पेटीतलं पाणी नळीनं काढत होते. मी म्हटलं, "मी हरिपूरला जाऊन आले." नळी हातातच राहिली, पाणी फरशीवर सांडत होतं.

"राहीबाईंना पोरगा हाय," मी म्हटलं.

त्यांनी नळीचं टोक बादलीत टाकलं. मग म्हणाले, "मला ठाऊक हाय."

"पोराचं?"

"न्हाई. माझं."

पलटणीत असताना, आसामात, ह्यांना गालगुंड झालं होतं. सूज खाली उतरली. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं की पुढं कठीण आहे. ह्यांनी मनावर घेतलं नाही. तुमच्याशी लग्न झालं, वर्षं गेली, तेव्हा पुण्याला एकटे जाऊन तपासून आले. तुम्ही घरात असताना, राहीताई. तुम्हाला माहीत नव्हतं हे तुमच्या पत्रावरून दिसतं, म्हणून लिहिते. तुम्ही उपास करत होतात, अंगारे लावत होतात, आणि ह्या माणसाला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "आनि मग मला का आनलीत?"

म्हणाले, "आईनं ठरवलं. मला न्हाई म्हनता आलं न्हाई. न्हाई म्हनायला कारन सांगावं लागलं असतं."

मी त्यांच्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही. हल्ली ते चहासुद्धा पेटीपुढं घेत नाहीत, बाहेर पायरीवर बसतात. पेटीपुढं मीच बसते. आणि खरं सांगू? तुमचा हेवा गेला नाही. आधी वाटायचं, त्यांचं मन तुमच्याजवळ आहे. आता वाटतं, तुम्ही सुटलात. तुमच्या कडेवर लेकरू आहे, आणि ह्या घरात वांझ म्हणून घ्यायची पाळी माझी.

आत्याबाई नागपंचमीला शिराळ्याला, भावाकडं जाणार आहेत. कशाला, ते मला कळतं.

चंद्रा

सातारा
६ ऑगस्ट १९७६

राहीताई,

आत्याबाई शिराळ्याहून काल परत आल्या. बरोबर त्यांचे भाऊ नाथाजीमामा. मी चहा टाकला. भांड्यांचा आवाज न करता ऐकत होते.

मामा म्हणाले, "पोरगी गरिबाची हाय, पर अंगानं चांगली हाय. चार भावांची बहीन. हिला कोरेगावला धाडा. फारकतीच्या कागदाचं काय ते नंतर बघू."

हिला म्हणजे मला. मी पाच पावलांवर उभी होते.

आत्याबाई म्हणाल्या, "दादासो, बोल की रं. का ह्या बारीलाबी मीच समदं ठरवू?"

हे पेटीशी होते. पातीच्या गवताची पिल्लं फार झाली होती, ती उपटून विरळ करत होते. हात कोपरापर्यंत पाण्यात. मला वाटलं, आता हे गप्प बसणार. त्यांना तेवढंच येतं. मी आतल्या आत माझी ट्रंक भरायला लागले होते, कुठलं लुगडं ठेवायचं, कुठलं न्यायचं, इथपर्यंत.

त्यांनी हात बाहेर काढले. पुसले नाहीत. मागं वळले. "आई" म्हणाले, पण आवाज असा निघाला की मामांनी पेला खाली ठेवला.

आत्याबाई म्हणाल्या, "काय ते बोल, भाऊ आलाय माझा एवढ्या लांबनं." आणि ह्यांनी सांगितलं. सगळं. आसाम, पुणे, डॉक्टर. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "गप रं. मामाम्होरं काय बोलतूयास?" तर म्हणाले, "मामाम्होरंच बोलायचं हाय."

नाथाजीमामा चहा न पिता उठले. आत्याबाई बसल्या होत्या तिथंच बसून राहिल्या. दिवेलागण झाली तरी दिवा लावू दिला नाही. मग मला म्हणाल्या, "पानी दे." मी दिलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "तिला लय बोलले मी." मी म्हटलं, "व्हय." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण तोंड पदरात घातलं.

मी कोरेगावला जाणार नाही. निदान आत्ता तरी नाही. ह्यांना माफ केलं असं समजू नका. मूल मला होणार नाही, आणि हे त्यांनी मला लग्नाआधी सांगायला हवं होतं, हे मी त्यांना रोज सांगणार आहे. आज सकाळी पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारच्या डब्यात मी त्यांना आवडतं ते भरलं वांगं दिलं. का दिलं, मला विचारू नका.

ते काय बोलले ते तुम्हाला लिहायचं म्हणून हे पत्र. तुम्ही या घरात होतात तेव्हा बोलायला हवं होतं. उशिरा बोलले, आणि ऐकलं मी. ते वाक्य माझ्याजवळ ठेवून कसं चालेल? जसंच्या तसं लिहिते:

"आई, राहीचा दोष न्हवता. चंद्राचाबी न्हाई. दोष माझ्यात हाय. तू तिला घालवलीस तवा मला ठाऊक होतं, आनि मी गप बसलो."

तुमचं नाव आधी घेतलं त्यांनी. माझं मागनं. त्या घटकेलासुद्धा, आत्याबाई डोळे फाडून बघत होत्या, मामा उठत होते, आणि माझ्या काळजात तेवढंच झोंबलं. पत्र लिहायला बसले तेव्हा वाटलं, नावं पुढंमागं करावीत. तुम्हाला कोण सांगायला येणार होतं?

पण ते जसं म्हणाले तसंच लिहिलं आहे.

चंद्रा